ही माती आपली न्हवं

ब्रह्मपुरीची टेकडी खणली त्याला किती वर्षं झाली
ते पिशव्यांवरची शाई आता सांगत नाही.
गोणपाटाला झुरळांची अंडी, सुतळी हात लावताच तुटते.
मी खापरं परातीत ओतते, दात घासायच्या ब्रशनं धुते,
वाळली की पाठीवर आकडा टाकते. दिवसाला दोनशे.
शनिवारी कमी.

पेट्या उचलायला पिराजीमामा, गंगावेशीकडच्या कुंभारगल्लीचे.
गणपतीचे दोन महिने येत नाहीत.
आले की नखांत अजून शाडू असतो.

आज एक कान सापडला. घड्याचा म्हणावा
तर मनगटाएवढा जाड, आणि आपल्या घड्यांना कान नसतात.
मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला,
उन्हात धरला, तुटलेली कड जिभेला लावली.
"खारट?" मी विचारलं.
"खापरावानी लागतंय. पण ही माती आपली न्हवं, ताई.
चमचम बघा की. आपला चिखल असा नटत न्हाई."

मग कान जिथं अंगाला जोडला होता तिथं
त्यांचा अंगठा आपोआप गेला, आणि बसला नाही.
त्यांनी हात बदलला. बसला.
"डावखुरा हुता," ते म्हणाले,
शेजारच्या गल्लीतल्या कुणाबद्दल बोलावं तसं.

पुस्तकं सांगतात: गलबतं, मद्य किंवा तेल, बंदर,
मग बैलांच्या पाठी आणि घाट.
डावखुरा होता असं कुठंच लिहिलेलं नाही.

त्याच पिशवीत शंख. करवतीनं अर्धा कापलेला,
मध्येच करवत वाकडी गेली, तिथंच सोडून दिलेला.
म्हणजे शंख आख्खा वर आला
आणि इथं, नदीच्या काठी,
कुणीतरी मांडी घालून त्याची काकणं पाडत होतं.
एका पुऱ्या झालेल्या काकणाचा निम्मा तुकडाही आहे.
कंपासनं कागदावर वर्तुळ पुरं केलं:
माझी तीन बोटं कशीबशी मावतात.
चार-पाच वर्षांची असेल.
तिला कुणी सांगितलं असेल का, हे कशाचं घर होतं?
की तिनं मनगट कानाला लावून पाहिलं असेल
आणि काहीच ऐकू आलं नसेल?

मीठ सापडत नाही. कितीही खणा.
सुकी मासळी, ती मोजताना झालेली भांडणं,
घाट चढून आलेल्यांची बोली, पायांचे फोड,
सगळं विरघळणाऱ्या जातीचं.
उरतं ते ज्यात ठेवलं होतं ते,
तेही फुटून.

"मामा, समुद्र बघितलाय?"
"रंकाळ्याला चौपाटी हाय की."
मग जरा वेळानं, पेटीत कापूस अंथरत,
"थोरली दिलीया मालवणात. बोलावती. जायाचं ऱ्हातंय."

रजिस्टरमध्ये लिहिलं: बांगडी, शंखाची, अर्धी.
बाहेर करूळ घाटातून आलेला टेम्पो
बर्फाचं पाणी गाळत उभा होता,
पोरगा ओरडत होता: बांगडा, बांगडा, ताजा बांगडा.
मी शाई वाळायची वाट बघत राहिले.

कानावर आकडा कुठं टाकायचा ते ठरेना.
शेवटी आतल्या बाजूला टाकला.
मामांनी तो उपडा ठेवला, भट्टीत लावतात तसा,
वर दुसरं काही ठेवू दिलं नाही.

एकशे बारा झाली आज.