सहा घरं

नव्या परिपत्रकात 'कुटूंब' दीर्घ छापलंय.
टायपिस्टची चूक. पण या खेपेला
ते खरोखरच थोडं लांबलंय.
कलम चार, उपकलम आ:
'एका चुलीवर जेवणाऱ्या व किमान दहा वर्षे
एकत्र राहणाऱ्या व्यक्ती.'
आधी पती, पत्नी, अविवाहित मुलं
एवढ्यावर भागायचं.
म्हणून शालन उतेकर आणि तिची जाऊ नलू
तीन वर्षांपूर्वी याच खिडकीवरून परत गेल्या.
'सदर अर्जदार हे कुटुंब नाही.'
शेरा माझ्याच अक्षरात. तेव्हा ऱ्हस्व लिहिला होता, बरोबर.

आज नलूनं तो कागद जपून परत आणलाय.
गॅसचं पुस्तक, एकच. रेशनकार्ड, एकच.
आणि किसननगरच्या इमारतीवर डकवलेली
अतिधोकादायकची नोटीस.
काढताना तिच्या पाठीला
भिंतीचा पोपडा चिकटून आलाय,
तो टेबलावर सांडतो, ती पदरानं पुसते.

प्रश्न छापील असतात. मी विचारते,
सध्या घर आहे का?
'नाही,' नलू म्हणते.
'सहा,' शालन म्हणते.
मी मान वर करते.
'सहा घरं आहेत मला. चार ढोकाळीत, दोन कोलशेतला.
फरशी आणि भांडी. धुणं घेत नाही मी.'
रांगेतला एक जण हसतो.
ती हसत नाही. तिला खरंच वाटतंय
महापालिकेला हे माहीत असायला हवं.
'मालकीचं विचारतायत गं.'
'मालकीणबाई आहेत की, सहाही ठिकाणी.'

मग उत्पन्न. तिचे साडेतेरा हजार.
नलू केटररकडं पोळ्या लाटते, तिचे बारा.
मी बारानं गुणते: तीन लाख सहा हजार.
मर्यादा तीन लाख, तीही या वर्षीच वाढवलेली.
परत गुणते. यंत्र तेच सांगतं.
कुटुंब नव्हत्या तोवर
दोघी आपापल्या जागी पुरेशा गरीब होत्या.
आम्ही त्यांना एक केलं
आणि बेरीज झाली.

हे मी बोलत नाही.
मी म्हणते, 'थोडक्यात जास्त होतंय.'
'किती?'
'महिन्याला पाचशे.'

'मग एक घर सोडते,' शालन म्हणते,
पुढच्या स्टॉपला उतरते म्हणावं, तशी.
'एक सोडलं की एक मिळेल ना?'

या प्रश्नाला रकाना नाही.
मी ऐकलं नाही, हे मी
खाली बघून सांगते.
मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, हे मात्र दोनदा,
मोठ्यानं.
(मी कळव्यात राहते, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर.
नोकरीही तशीच.)

खिडकीला लागूनच जिना आहे.
'पंधराव्या मजल्यावरचं सोड. ती बाई
दिवाळीलाही सुट्टी देत नाही.'
'पैसे एक तारखेला देते.'
'मग कोलशेतचं, कुत्रेवालं.'
'कुत्रा ओळखतो मला.'
'मग ते नवराबायकोचं, दिवसभर कुलूप असतं ते.'

शालन पायरीवर बसते, पिशवी मांडीवर.
'ते नको.
तिथं दुपारी कुणी नसतं. किल्ली माझ्याकडं असते.
काम उरकलं की दहा मिनिटं
बाल्कनीत बसते मी. खाली, लादीवरच.
येऊरचा डोंगर दिसतो.'

नलू तिच्याकडं बघत राहते.
बावीस वर्षं एका चुलीवर जेवून
हे तिला आज कळतंय.
माझ्यासमोर एकशे अठरा नंबर
आपला कागद पुढं सरकवतो. मी तो घेत नाही अजून.

'मग ते सोडू नकोस,' नलू म्हणते.
'पण मला एकदा दाखव.'