पडद्याची मागची बाजू

साडेनऊला लागते ती मालिका.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून
मी समोर बसते, कळण्याची भाकरी मांडीवर.
अमळनेरात मे महिन्यात
रात्रीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही.

नवी मुलगी गोड आहे.
केस सरळ, दात सरळ, गळ्यात शाळेचा टाय.
विहिरीच्या जागी आता अपार्टमेंटची गच्ची.
आणि तिला वाईट स्वप्नं पडतात, बाप घरी नसतो,
एक डॉक्टरीणबाई चार भाग समजावत बसते
की ही अशी का.

मला कुणी कारण दिलं नव्हतं.
नऊ वर्षांची मी, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी
(सिनेमात त्या काळ्याच दिसल्या).
डायरेक्टर उकिडवा बसून म्हणाला,
"सिंधू, रागवायचं नाही. हसायचंही नाही.
सुईत दोरा ओवताना बघतेस ना, तसं बघ."
शिंप्याची पोर मी. ते मला येत होतं.
ढकललं.
खाली कापसाची गादी होती,
तिच्यावर पडून हिरामण खदखदून हसला
म्हणून पुन्हा ढकललं.
सात वेळा.

मग वैशाखात, बोरीच्या कोरड्या पात्रात,
जत्रेतला तंबू.
पुढची तिकिटं संपली होती,
आम्ही मागून पाहिला, पडद्याच्या उलट्या बाजूने.
पाट्या उलट्या,
हिरामणच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे,
आणि मी डाव्या हाताने मारत होते.
बाबा म्हणाले, बघ, ती तू नाहीच.

पण गाव पुढून बघत होतं.
नळावर बाया लेकरं ओढून घ्यायच्या,
"तिना जोडे नको जाऊ रे."
बालवाडीत अर्ज केला, उत्तर आलं नाही.
मग झबली शिवली, टोपडी शिवली, चाळीस वर्षं.
मापं कागदावर यायची,
पोरं नाही.

दर भागानंतर भुसावळहून हिरामणचा फोन.
रेल्वेतून रिटायर, एक गुडघा बदललेला.
"सिंधे, ही पोरगी काही तुझ्यासारखी नाही.
तू ढकललं की खरंच मेल्यासारखं वाटायचं."
कौतुकच ते.
मी म्हणते, गोळी घेतली का?

कालच्या भागात शेवटी गच्ची आली.
मुलगा कठड्यावरून वाकलेला.
घास हातातच राहिला माझा.
तिने हात उचलला.

डावा.

जाहिराती लागल्या, फोन वाजला, वाजून थांबला.
भाकरी वाळून कडक झाली.
म्हणजे हे जो कोणी बनवतोय
तोही कधी बसला असेल, लहान असताना,
नदीच्या वाळूत, तंबूच्या मागच्या अंगाला,
शेंगा फोडत, कदाचित आमच्याच रांगेत.
शेजारी मी होते, त्याच दोन वेण्या, त्याच रिबिनी,
आणि त्याच्या आईने त्याला उचलून
दुसरीकडे बसवलं नव्हतं.