लाकूड निळं नसतं

तो जूनमध्ये आला, उत्तरेकडून,
जिथं म्हणे आभाळ धुतलेल्या पोत्यासारखं असतं.
नाव देलबेक. फिलोमेनच्या खानावळीत माळ्यावरची खोली,
भाडं पहिल्या आठवड्यापासूनच थकलेलं.

बंदराच्या भिंतीवर बसायचा
आणि समुद्राला गुलाबी लावायचा.
गुलाबी!
आम्ही जाळी विणता विणता उठायचो,
पाठीमागं हात बांधून वाकून बघायचो,
शेजाऱ्याचं करपलेलं पातेलं बघावं तसं.
वाळू हिंगुळाची, डोंगर पोपटी,
डोलकाठ्यांच्या सावल्या नारिंगी,
आणि मधे मधे कापड कोरंच.
‘रंग संपला काय?’ मी विचारलं.
म्हणाला, ‘नाही. ते ऊन आहे.’

मी तीस वर्षं होड्या रंगवतो.
जवसाचं तेल किती, शिसं किती, कधी थांबायचं,
बापानं कानफटात मारून शिकवलंय.
म्हणून युलालीचं चित्र झालं तेव्हा
सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

युलाली अँचोव्ही मिठात भरते,
बोटं बारा महिने फुटलेली.
तिला त्यानं उलट्या पिंपावर बसवलं तासभर.
कपाळ पिवळं. एक गाल तांबडा.
डोळ्यांखाली हिरवं, ओलं हिरवं,
ते गळ्यापर्यंत ओघळलेलं.
सोव्हर ओरडला, ‘युलाली, नासलीस की गं!’
पाद्रीबाबा म्हणाले, पित्त झालंय, काढा घे.
ती हसली नाही.
हात ॲप्रनला पुसत बघत राहिली,
मग म्हणाली, ‘ह्याला कुणी सांगितलं?’
आणि पिंपांकडे परत गेली.

संध्याकाळी मी सिप्रियँची होडी घेतली होती,
अंग निळं, काठ लाल.
हा आला. ‘उरलेला लाल द्याल? उधार.’
मी म्हटलं, ‘लाज नाही वाटत?
समुद्र गुलाबी नसतो, बाबा.’
त्यानं फळीवरून नख फिरवलं.
‘आणि लाकूड निळं असतं?’

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.
मी म्हटलं, ‘ते ओळखू यावं म्हणून.
बायका भिंतीवर उभ्या राहतात,
कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून,
लांबून कुणाची आली, कुणाची नाही...’
आणि पुढचं वाक्य मला सापडेना.
कुंचल्यातला निळा माझ्या बुटावर गळत राहिला.

आठ वर्षांमागचा मार्च. त्रामोंतान सुटला होता,
दगड उचलणारा वारा.
अकरा गेल्या होत्या.
आम्ही भिंतीवरून मोजत होतो, रंगांनी,
लाल, पांढरी, ती निळी, तीही निळी, दहा.
युलाली अंधार पडल्यावरही मोजत होती.
हिरवी होती तिच्या माणसाची, पिवळ्या काठाची.
तो हिरवा मी घोटला होता.
दोन दिवस लागले होते जमायला,
मनासारखा ओला दिसायला.

देलबेकला हे कुणी सांगितलेलं नाही.
मी फिलोमेनला विचारलं, सोव्हरला विचारलं.
कुणीच नाही.

लालचा डबा मी त्याला दिला, अर्धा भरलेला.
सप्टेंबरात तो गेला, कापडं गुंडाळून, काखेत सरपणासारखी.
भाड्यापोटी एक चित्र ठेवून गेला,
फिलोमेननं ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय,
वारा अडतो म्हणते.
युलालीचं मात्र तिथं नाही.
कुठं आहे ते मी विचारलेलं नाही.

सिप्रियँची होडी निळीच झाली, सांगितली तशी.
फक्त तळाला, पाण्याखाली जातो त्या भागाला,
मी गुलाबी लावला.
थंडीत होडी वर ओढली तेव्हा त्यानं बघितलं
आणि माझ्या आईपासून सुरुवात करून शिव्या दिल्या.
मी म्हटलं, रंग उरला होता.