उत्तरेकडचं छप्पर

पाचगणीच्या या बंगल्यावर कौलं नाहीत,
पाट्या आहेत.
शाळेतल्या असतात तशाच, लाकडी चौकट तेवढी नाही.
बोटीतून आल्या म्हणे, पेंढ्यात बांधून,
फुटल्या त्या पसरणीच्या घाटात राहिल्या.

दक्षिणेकडच्या उन्हानं लख्ख.
उत्तरेकडं मात्र चार महिन्यांत
पाठीवर मांजर बसावं तसं शेवाळ बसतं,
आणि मध्येमध्ये दगडफूल,
राखेच्या रंगाचं, काठ कुरतडलेलं.

मालक वर चढतात. मी शिडी धरते.
हजेरीच्या वहीत फरांदे त्यांचं नाव लिहितो,
दिवसाचे सातशे.
शिडीचं विचारलं तर म्हणाला,
"धरणं हे काय काम झालं, बायडाबाई?
ते तर नुसतं उभं राहणं."

बरं. राहिले उभी.
एकोणीस हंगाम.

वरनं ओला गाळ केसांत पडतो,
गोगलगायी पडतात, एकदा विंचू,
मालकांचं बोलणंही पडतं :
लोखंड नको गं, ओरखडा जातो,
बाभळीची फळी दे.
वरून खाली खरवडायचं, पाऊस जातो तसं.
खालून वर गेलं की पाटी उचकटते
आणि पाणी
आत जायला शिकतं.

पडलेलं दगडफूल मी ओच्यात वेचायची.
वाईच्या डंकावर मसाला कुटायला नेलं
तर रखमाक्कानं विचारलं, हे कुठलं?
छपरावरचं, म्हटलं.
तिनं चिमटीनं बाजूला काढलं.
"शिशाच्या पत्र्याशेजारी वाढलेलं पोटात नको."
रानातल्या दगडावरचं चालतं,
साहेबाच्या दगडावरचं नाही.

चौथ्या दिवशी मालकांचा गुडघा
तिसऱ्या पायरीवर नाही म्हणाला.
ते उतरले, थोडा वेळ बसले, मग शिडी धरून उभे राहिले,
आणि कुणी काही न ठरवता
मी वर होते.

गवत भरलेल्या पोत्यावर गुडघे टेकून
पहिलं पाहिलं ते धोमचं पाणी.
दुसरं, मालकांचं टक्कल.
एवढं झालंय,
मला कुणी बोललं नव्हतं.

मग कामाला लागले.
शेवाळ सुटतं, सायीसारखं, अख्ख्या पट्ट्यानं.
दगडफूल सुटत नाही.
रुपयाएवढं व्हायला त्याला
माझ्या थोरलीच्या वयाएवढी वर्षं लागली असतील,
आणि निघायला एक सकाळ,
चुन्याची निवळी, काथ्याचा ब्रश.
हात थांबला. पण सातशे रुपये थांबत नाहीत.

तिसरीपर्यंत शाळा होती माझी.
हाताला आपोआप आठवलं :
थुंकी, तळवा, पदराचं टोक.
पाटी निळी निघाली.
निळी!
खालून एवढी वर्षं काळीच दिसत होती.

"काय चाललंय वर?" फरांदेचा आवाज.
"एक पाटी हलतेय," मी म्हटलं.
हलत नव्हती.

आढ्याशी, अगदी वरच्या ओळीत,
केसांतला आकडा काढला. लोखंडाचाच.
बायडा ढेबे, लिहिलं. शिडी. एकोणीस हंगाम.
हंगामाचा ह चुकला.
थुंकी लावून पुसायला गेले
तर पुसला जाईना.
ठेवला तसाच.

उद्या तिथं तांब्याची तार बसणार आहे.
तिच्यावरून पाणी उतरलं
की खाली शेवाळ धरत नाही, मालक सांगतात.
हे मी लिहून झाल्यावर आठवलं.
खरंच, लिहून झाल्यावर.

उतरले तर मालकांचे तळवे लालभडक,
पोटऱ्या थरथरत होत्या.
"अवघड असतं की गं हे," म्हणाले.
मी फरांदेकडं बघितलं.
तो वहीत बघत होता.