प्रश्न एकविसावा

धडगावचं ऑफिस एकतीस मार्चला बंद होणार होतं.
त्याआधी एक शेवटचा फॉर्म,
चार पाडे, एकवीस प्रश्न,
आणि मी दुभाष्या,
सतरा वर्षं दोन माणसांच्या मध्ये बसून पगार घेतलेला.

मारिटबाई खाटेवर बसल्या.
जातरीबाई भुईवर, मोहाची फुलं पसरत.

वीस प्रश्न सुरळीत गेले.
हातपंप? चालतो. वायसर आम्हीच बदलतो.
वजनकाटा? आहे की. त्याच्यावर मोह तोलतो,
पोरं अंगणवाडीत तोलतात.
(सांगताना मी मोह गाळला.)

एकविसावा असा:
येत्या काळात आमच्यासारख्या संस्थांची भूमिका काय असावी?

भूमिकेपाशी अडकलो.
माझ्या आईच्या अहिराणीत फार तर
"आते तुमनं काय काम शे?"
असं झालं असतं,
आणि ते तर पाहुण्याला उठवल्यासारखं.
पावरीत मीच पाहुणा.
शेवटी म्हणालो, होळीला पोरगा बावा होतो, बुध्या होतो ना,
तसं. या लोकांनी आता काय व्हावं?

जातरीबाईचे हात थांबले.
"असं विचारते होय ती!
मग सांग तिला,
माझा खेत्या दोनदा बुध्या झाला.
पालनी धरली की खाटेवर बसायचं नाही.
भुईवर निजायचं.
अंगभर राखेचे ठिपके, कमरेला दुधी, घुंगरं,
गावोगाव नाचायचं,
दुसऱ्याच्या दारात मिळेल ते खायचं.
मग एक दिवस नदीवर जाऊन सगळं धुऊन टाकायचं.
त्यानंतरही कोणी राख फासून फिरला
तर शेंबडी पोरंसुद्धा हसतात."

खाटेचं मी सांगणार नव्हतो.
पण चार वर्षांत मारिटबाईंना थोडे शब्द आले होते
आणि त्यात खाट होती.
त्या उठल्या,
मोहाच्या कडेला भुईवर टेकल्या.
"आता बसते," जातरीबाई म्हणाली,
"होळी झाल्यावर."
आणि हसली. तिच्याबरोबर त्याही,
मी काही सांगायच्या आधीच.

मग फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न आला, उलट्या बाजूनं.
तुझ्या गावाला नदी आहे?
आहे. समुद्रही आहे, घरांपेक्षा उंच.
मध्ये भिंत बांधलीय.
जातरीबाईनं हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.
भिंत फुटली तर कोण येतं?
सरकार.
"सरकार आमच्याकडेपण आहे," ती म्हणाली.
"मी विचारते, कोण येतं?"

मारिटबाईंनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"तिला सांग,
हा अख्खा पाडा नर्मदेतून वर आलाय.
पाणी घरात चढतं तेव्हा आधी काय उचलायचं
ते आम्हाला ठाऊक आहे.
कोंबड्या. मग बियाणं. मग मधला खांब.
माणसं म्हातारी असली तर ती खांबाच्या आधी,
पण ती ऐकत नाहीत,
त्यांना कसं उठवायचं तेही ठाऊक आहे.
भिंत फुटली तर बोलवायचं.
आम्ही येऊ.
राहणार नाही, पालनीपुरतं येऊ."

या वेळी मी काही गाळलं नाही.
कोंबड्यासुद्धा.

फॉर्मवर उत्तरासाठी चौकोन होते:
निधी. प्रशिक्षण. सल्ला. इतर.
"इतर"समोर दोन बोटांची रेघ.
मारिटबाईंनी तिच्यावर लिहायला घेतलं,
रेघ संपली,
मग समासात, मग पान उलटून पाठीमागे,
आणि जीपचा ड्रायव्हर खालून हॉर्न देत राहिला
कारण घाटात अंधाराआधी उतरायचं होतं.

ते पान पुढे कुठे गेलं, माहीत नाही.
माझं पत्र एकतीसला आलं, दोन ओळींचं, आभार मानणारं.
त्या रात्री शहाद्याला मोरीत हात धुतले,
साबण लावून, पुन्हा धुतले.
मोहाचा वास काही जाईना.