शेऱ्याचा रकाना

माझं काम काट्याचं.
सोसायटीच्या शेडपुढे, मोहाच्या बुडाशी
साखळीला टांगलेला गोल तबकडीचा काटा,
खाली घमेलं, आणि माझ्या मांडीवर रजिस्टर.
एरवी इथे रोहू येतो, कटला येतो
क्विंटलनं, ओला, तडफडून थकलेला,
आणि मी आकडे ओढतो, मान वर न करता.

त्या दोन दिवसांचा नियम वेगळा:
फक्त मरळ, फक्त गरीनं,
दीड किलोच्या वर.
एकोणचाळीस जणांनी पावत्या फाडल्या.
नागपूरचे दोघे जीपवर काठ्या बांधून आले,
डब्यात रबरी बेडूक, हिरवे, पिवळे, एक तर गुलाबी.
बयनाबाई चहा गाळता गाळता म्हणाली,
आमच्या बोडीतल्या बेडकानं हे पायली
तं सोयरीक घेऊन येईन जी.
आणि आमचा हिवराज वलथरे,
सलग तीन वर्षं ढाल घरी नेणारा,
ज्याच्या बोटांना पाण्याखालचं ऐकू येतं म्हणतात.

पहिल्या दिवशी काट्यावर आलं ते इतकंच:
सकाळी एक चतुर. बसला, उडाला.
दुपारी वारा; सुई पन्नास ग्रॅमवर थरथरली.
मग कुणाचं तरी पोर घमेल्यात बसलं,
साडेअठरा किलो.
तेवढं मी रजिस्टरात घेतलं नाही.

मरळ नव्हती असं नाही.
देवधानाच्या कडेला पाणी मधूनच फुगायचं,
घोटभर हवेसाठी ती वर यायची,
गुळुक,
आणि सगळ्या काठ्या तिकडे वळायच्या
जिथे ती आता नसायची.

कारणं मात्र भरपूर पकडली गेली.
चांद वाढता आहे. पाणी कोमट आहे.
रात्री कुणीतरी डिझेलचा पंप लावला होता.
जीपवाल्यांतला एक मुठीतल्या यंत्रावर फेकी मोजत होता,
चौदाशे बारा.
म्हातारा पैकू बांधावरून बोलला,
भूक नाई तिले.
भूक नसलेल्याले काय दाखवता?

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना,
हिवराजचा बेडूक कमळाच्या पानावरून घसरला
आणि त्याच्यामागे पाण्यावर एक रेघ उठली.
फट आवाज नाही, घाई नाही.
रेघ त्याच्या पायांपर्यंत आली.
मांडीएवढी जाड, पाठ काळी,
कुशीवर उन्हाचे दोन-तीन पट्टे.
त्यानं काठीचं टोक थोडं डावीकडे नेलं,
तीही थोडी डावीकडे.
उजवीकडे नेलं, तीही.
मग ती गेली. पळाली नाही, गेली,
बाजारात बाई भाव विचारते
आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागते, तशी.

तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला,
हात रिकामे, गुडघ्यापर्यंत चिखल.
लिही, म्हणाला.
काय लिहू?
दिसली मनून लिही.

रजिस्टरात रकाने पाच:
नाव, गाव, वजन, सही, शेरा.
एकोणीस वर्षांत शेऱ्यात मी लिहिलं आहे
'नरम', 'घट', 'पैसे बाकी'.
वजनात शून्य घातलं, आणि शेऱ्यात लिहिलं: दिसली.
त्यानं वाकून वाचलं.
वेळ पण टाक, म्हणाला.
चार वाजून दहा मिनिटं.
मग सही केली, नेहमीपेक्षा सावकाश.

ढाल सोसायटीच्या कपाटात गेली,
जाळी विणायच्या सुया आणि उंदराचं औषध यांच्या मधे.
जीप गेली. गुलाबी बेडूक कुणाच्या तरी पोराला मिळाला.

काटा उतरवला. घमेलं कोरडंच होतं,
तरी सवयीनं धुवायला पाण्यात घातलं.
पाच हातांवर
गुळुक.
मी घमेल्याची कड धरून तसाच बसून राहिलो,
बोटं गार पडेपर्यंत,
आणि वरून बयनाबाई ओरडत होती,
चहाचे सत्तर रुपये कोणाच्या नावावर मांडू जी?