विळापट्टी

दुपारी झंवर मशिनरीतून फोन.
"जुन्या यादीवर काट मार.
गवत कापायची मशीन, सात आठशेची, आजपासून अकरा."
का, विचारलं, तर म्हणाला, "अँटी-डंपिंग,"
आणि काउंटरवरच्या कुणाला तरी
पंपाचा भाव सांगू लागला.

दारव्ह्याच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
मशिनी विकतो थोड्या, दुरुस्त करतो जास्त.
यंत्र परदेशी, बिघाड गावचा:
तुरीच्या खुंटावर मोडलेलं पातं,
फिल्टरमध्ये काळ्या मातीची वडी,
आणि एकदा तर सायलेन्सरात गांधीलमाशीचं घर.

कागदावर म्हणे याचं नाव
हिरवळ राखायचं उपकरण.
आमच्याकडे लॉन म्हणजे हायवेवरचं लग्नाचं मैदान,
दोन हजार खुर्च्या, थर्माकोलचे हत्ती,
गवत असतंच तिथं, मांडवाखाली, कुणी पाहत नाही.
पऱ्हाटीच्या तासातलं गाजरगवत कापताना
आपण हिरवळ राखतोय
हे इथं कुणालाच माहीत नव्हतं.

रात्री मुलीनं मोबाइलवर वाचून अर्थ सांगितला:
आपल्या घरी दहाला विकायचं,
दुसऱ्याच्या दारात सातला,
त्याची भट्टी विझेपर्यंत.

भट्टी म्हणाली ती,
आणि मला बाप दिसला, देवमन लोहार,
भात्यापाशी उकिडवा, भुवया जळालेल्या.

दसऱ्याआधी घिसाडी यायचे,
बाजाराच्या बाभळीखाली पालं पडायची.
सोनाबाई घण मारायची, पोर झोळीत,
घणाच्या ठेक्यावर ते झोपायचं.
तिचा विळा बाराला. बापाचा अठराला.
बाप पंचायतीत गेला.
"हे लोक तिकडं वीसनं इकतात, अन् इथं बारानं.
मले बसवासाठी."
तिकडं म्हणजे कुठं, कुणी विचारलं नाही.
वीस कुणी पाहिले, तेही नाही.
सरपंचानं जांभळ्या शाईनं वहीत लिहिलं:
विळापट्टी, नगामागं पाच रुपये.

सोनाबाईचा विळा सतरा झाला.
त्याच आठवड्यात बापाचा बावीस.
कोळसा तोच, लोखंड तेच,
ट्रकच्या मोडक्या पाट्याचं.

पंचफुला टेकाम आली, पदराची गाठ सोडली,
अठरा मोजले, आणखी गाठीत काही नव्हतं.
"देवमन, पट्टी त्याईच्यावर लागली ना?
मंग माह्या पदरातून कायले जाते?"
बाप बोलला नाही.
तिचा जुना इळा, नखाएवढा उरलेला,
विस्तवात घातला, पाणी दिलं, धार लावली.
धारेचे पैसे मात्र घेतले.
मी भाता ओढत होतो. मला आठवतं.

पुढच्या वर्षी पालं पडली नाहीत.
त्याच्या पुढच्या वर्षी ट्रकमधून विळे आले,
प्लास्टिकच्या मुठीचे, पोत्यानं,
कुठून आले ते ड्रायव्हरलाही सांगता येईना.
सरपंचाची वही तेवढी मोठी नव्हती.
ऐरण आता दुकानाच्या दारात आहे,
गिऱ्हाइकं तिच्यावर हेल्मेट ठेवतात.

आज सकाळी दुसरा फोन, देशी कंपनीचा.
तिच्यावर काहीच लागलं नाही,
तरी नऊची साडेदहा.
मी कारण विचारलं नाही.

आणि आत्ता हा दारात उभा,
नितेश टेकाम, पंचफुलेचा नातू.
एकराच्या भावानं गवत कापून देणार म्हणतो,
चार गावांत बोलणी झालीत,
बयाणा पाचशे मागंच दिलाय,
बाकीचे खिशात, रबर लावलेले.
"काका, कोणती नेऊ?"

मागं सहा मशिनी उभ्या आहेत,
मागच्या महिन्यात आणलेल्या, जुन्या भावात.
खोकी अजून फोडलेली नाहीत.
झंवर म्हणतो, माल जुना असला तरी भाव नवा घ्यायचा,
धंदा असाच असतो.

मी फडकं घेतो.
हात पुसतो.
ऑइल केव्हाचं निघालंय,
तरी पुसत राहतो.